ग्राफीनची चिप आणि सोसायटीची टाकी

ताई, टाकीचं पाणी तपासायला दिलं तर अहवालाला दोन दिवस लागले. तोवर तेच पाणी प्यायलो. ग्राफीनच्या सेन्सरवर मिनिटांत कळतं, हे खरं का? (धायरी)

दोन दिवस लागतात, कारण प्रयोगशाळा जंतूंना वाढू देते. खाद्य आणि ऊब मिळून ई. कोलायची, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेल्या आतड्यातल्या जंतूची, वसाहत झाली, की ती डोळ्यांनी मोजता येते. ग्राफीनचा सेन्सर वाढीची वाट पाहत नाही. ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. त्यावर ठरावीक जंतूला धरणारी अँटिबॉडी बसवतात. ई. कोलायच्या अंगावर ऋणभार असतो. तो येऊन चिकटला, की पापुद्र्यातला विद्युतप्रवाह बदलतो, आणि हे खरंच मिनिटांत टिपता येतं.

पण चिपवर मावतो एखादा थेंब. आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलीलिटर पिण्याच्या पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. 100 मिलीलिटर म्हणजे साधारण दोन हजार थेंब! जंतू नेमका तुमच्याच थेंबात असेल कशावरून? म्हणून आधी पाणी गाळून जंतू गोळा करायचे आणि क्षार धुवायचे, कारण क्षारांचे आयन जंतूचा भार झाकून टाकतात. ज्या बातमीत या तयारीचा वेळ धरलेला नसतो, तिच्यावर मी विसंबत नाही.

क्लोरीनने मेलेले जंतूही सेन्सर दाखवेल का? (कोथरूड)

दाखवू शकतो. मेलेला जंतूही अँटिबॉडीला चिकटतो. म्हणून खात्रीसाठी जुनी चाचणी लागतेच.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गिलँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले. तेव्हा असा सेन्सर हाताशी असता तर? (किरकटवाडी)

तुमची कळकळ समजते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जंतू सापडला होता; त्याच्या संसर्गानंतर जीबीएस होऊ शकतो. हा जंतू वाढवायला कमी ऑक्सिजन आणि 42 अंश तापमान लागतं, नेहमीच्या पाणी-तपासणीत त्याला कुणी शोधत नाही. अशा हट्टी जंतूंसाठीच मला या सेन्सरची सर्वांत जास्त आशा वाटते. मात्र चिपवर ज्याची अँटिबॉडी, तोच जंतू ओळखला जातो. ई. कोलायची चिप कॅम्पिलोबॅक्टरबद्दल काहीच सांगणार नाही.

आमचा टीडीएस मीटर 90 दाखवतो. मग पाणी चांगलंच ना? (वारजे)

नाही. तो मीटर विरघळलेले क्षार सांगतो, जंतू नाही. नळाच्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. तो तपासायचा छोटा संच मिळतो, क्लोरीन असेल तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. मैल्यातले जंतू ओळखणारी एचटूएसची बाटलीही आणा. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं, तर टाकी रिकामी करून धुऊन घ्या आणि तोवर पाणी खळखळ उकळूनच प्या.