पोरीचा डीबीएमएस राहिला, ८५ हजारांचा क्लास लावू का?

घाटंजी तालुक्यातल्या एका गावाहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. हंगामात ते एका जिनिंगवर काट्यावर बसतात आणि गाड्यांची वजनं वहीत उतरवतात. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं यवतमाळला ये-जा करते. बाकीचे विषय निघाले, डीबीएमएस राहिला. डीबीएमएस म्हणजे डेटाबेसचा विषय, संगणकात माहिती तक्त्यांमध्ये कशी ठेवायची आणि कशी काढायची ते. ते लिहितात, "पोरगी म्हणते, बाबा, मले हे समजूनच नाही रायलं. पाठ केलेलं पेपरात आठवत नाही. नागपूरचा एक क्लासवाला सहा महिन्यांत डेटा सायन्स शिकवतो म्हणते, ८५ हजार मागते, नोकरीची हमी देतो म्हणते. तूर विकून भरू शकतो. भरू का? या विषयात पोटापाण्याचं काही आहे का, की तिला बीकॉमला टाकू? तिच्या वहीचा फोटो पाठवतो. मी बी वह्याच लिहितो, माझ्या काट्याच्या वहीचाही पाठवतो."

भाऊ, नमस्कार.

आधी पैशाचं बोलू. तुरीचे पैसे त्या क्लासला देऊ नका. दोन तक्ते एकमेकांना कसे जोडायचे हे जिला अजून उमगलेलं नाही, तिला सहा महिन्यांत डेटा सायन्स शिकवायला निघालेला माणूस तिच्याकडून पुन्हा पाठांतरच करून घेणार. पाठांतरानंच तर तिचा विषय राहिला आहे. राहिली नोकरीची हमी. ती कोणत्या कामाची, किती पगाराची, आणि मिळाली नाही तर पैसे किती दिवसांत परत, हे सहीशिक्क्यानिशी लिहून द्या म्हणावं. लिहून देताना जो मागेपुढे बघतो, त्याच्या हमीला अर्थ नाही.

आता तिची वही. अक्षर सुंदर आहे, मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर क्रिएट टेबल म्हणजे तक्ता करायची आज्ञा, दुसऱ्यावर इन्सर्ट म्हणजे ओळ भरायची, तिसऱ्यावर सिलेक्ट म्हणजे माहिती काढायची. तक्ते कोणते करायचे, किती करायचे, हे ठरवायची आकृती थेट शेवटाकडे येते, आणि तीही पुस्तकातून उतरवलेली, विद्यार्थी-शिक्षक-विषय अशी. म्हणजे घराच्या भिंती आधी उभ्या केल्या आणि खोल्या किती हव्यात ते नंतर विचारलं. लॅबमध्ये हे सर्रास होतं. आज्ञा टाइप केली की पडद्यावर लगेच काहीतरी दिसतं, विचार केला की काहीच दिसत नाही, म्हणून विचार मागे राहतो. यात तिचा दोष नाही.

तुमच्या काट्याच्या वहीचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. मी तो तिच्या वहीपेक्षा जास्त वेळ बघितला.

एका पानावर बावीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, दर, रक्कम. त्यात एक शेतकरी तीनदा आला आहे. पहिल्यांदा दामोदर, मग दामोधर, मग नुसता दामू. (नावं मी बदलली आहेत.) मोबाइल दोन ठिकाणी एक, तिसऱ्या ठिकाणी वेगळा. तुम्हाला माहीत आहे की माणूस एकच आहे आणि त्यानं नंबर बदलला. संगणकाला ते तीन माणसं वाटणार. हंगामाच्या शेवटी "दामोदरनं एकूण किती कापूस दिला" असं विचारलं, तर तो एकाच गाडीचं वजन सांगेल आणि चूक झाली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मी पूर्वी एका पतसंस्थेत नोंदींच्या कामाला होते. तिथं सभासदाचा पत्ता कर्जाच्या प्रत्येक ओळीत लिहिलेला असे. एका बाईंनी गाव बदललं, नवा पत्ता एका ओळीत घातला गेला, बाकीच्या चार ओळी तशाच राहिल्या. थकबाकीची नोटीस जुन्या पत्त्यावर जात राहिली. त्यांना ती मिळालीच नाही, आणि कागदोपत्री त्या नोटिशीला उत्तर न देणाऱ्या ठरल्या. कोणाची नियत वाईट नव्हती. एकच गोष्ट पाच जागी लिहिली होती, एवढंच.

डेटाबेसच्या रचनेचा सगळा पहिला अभ्यासक्रम मला एका प्रश्नात दिसतो: ही गोष्ट कोणाची? तिला तुमच्या पानावरच्या प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून हा प्रश्न विचारायला सांगा. मोबाइल कोणाचा? शेतकऱ्याचा, पावतीचा नाही. मग तो शेतकऱ्यांच्या तक्त्यात एकदाच जाईल. तिथं प्रत्येकाला एक क्रमांक मिळेल आणि पावतीत नावाऐवजी फक्त तो क्रमांक येईल. भरलं आणि रिकामं वजन कोणाचं? त्या खेपेचं, म्हणजे पावतीचं. निव्वळ वजन? ते दोन्हींच्या वजाबाकीतून निघतं, वेगळं लिहायची गरज नाही. आणि दर? इथं तिला थांबवा, कारण इथं बहुतेक मुलं चुकतात. मुलं म्हणतील दर त्या दिवसाचा, म्हणजे तारखेचा तक्ता करू. पण तुम्हीच तिला सांगा की एकाच दिवशी ओल असलेल्या कापसाला एक दर लागतो आणि कोरड्या, स्वच्छ कापसाला दुसरा. म्हणजे दर पावतीचाच. हे कोणतंही पुस्तक सांगू शकणार नाही, काट्यावर बसलेला माणूसच सांगेल. तिच्या पुस्तकात याला नॉर्मलायझेशन म्हणतात. पहिला, दुसरा, तिसरा नॉर्मल फॉर्म या व्याख्या ती पाठ करते आहे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

यापुढचा अवघड भाग घरातल्या सातबारावर समजावता येईल. गट नंबर ४२ तुमच्या गावात असेल, तसा शेजारच्या गावातही असेल. म्हणून नुसत्या गट नंबरानं जमीन ओळखता येत नाही, गाव आणि गट मिळूनच ती ओळखता येते. दोन रकाने मिळून जी ओळख होते तिलाच तिच्या पुस्तकात कॉम्पोझिट की म्हणतात. आता एका गटात तीन भाऊ खातेदार आहेत, आणि त्यातल्या एका भावाच्या नावावर दुसरेही दोन गट आहेत. एका जमिनीला अनेक माणसं, एका माणसाच्या अनेक जमिनी. मग हिस्सा कुठं लिहायचा? माणसाच्या तक्त्यात लिहिता येत नाही, कारण प्रत्येक गटात त्याचा हिस्सा वेगळा. जमिनीच्या तक्त्यातही नाही, कारण त्यात वाटेकरी तीन. हिस्सा त्या माणसाच्या आणि त्या जमिनीच्या नात्याचा असतो, म्हणून त्या नात्याचाच तिसरा तक्ता करावा लागतो. मेनी टू मेनी म्हणतात ते हेच. सातबारा गटाप्रमाणे निघतो आणि आठ-अ खातेदाराप्रमाणे, पण दोन्हींत जमीन तीच असते. नोंदी नीट एकदाच ठेवल्या की हव्या त्या बाजूनं बघता येतात, हे तिला या दोन उताऱ्यांवरून जितकं कळेल तितकं विद्यार्थी-शिक्षक-विषयाच्या आकृतीवरून कळणार नाही. फेरफारही दाखवा. नोंद धरली जाते, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्यावरच ती सातबारावर चढते. अर्धा फेरफार कधी चढत नाही. तिच्या पुस्तकातल्या ट्रान्झॅक्शनच्या प्रकरणात हीच गोष्ट आहे: व्यवहार पूर्ण नोंदला जातो किंवा मुळीच नाही.

आता एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. यात आपल्या पोरांना एक अडचण येते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तक्त्यांची ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञानं १९७० मध्ये मांडली. तो आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीत कॅलिफोर्नियात काम करत होता. त्याआधी माहिती काढायची तर ती आत कशी रचून ठेवली आहे, कोणती नोंद कोणत्या नोंदीला जोडली आहे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. कॉडचं म्हणणं होतं की वापरणाऱ्यानं काय हवं ते सांगावं, कसं शोधायचं ते यंत्रानं बघावं. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तसं विचारण्यासाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली. पुढे नावाच्या हक्काची अडचण आल्यानं ती एसक्यूएल झाली, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचं अधिकृत प्रमाण ठरलं. ती मुद्दाम इंग्रजी वाक्यासारखी केली होती, म्हणून क्रियापद आधी येतं. सिलेक्ट, म्हणजे निवड, हे पहिलं. कुठून निवडायचं ते नंतर.

पण यंत्र ते वाक्य त्या क्रमानं समजून घेत नाही. ते आधी फ्रॉम बघतं, म्हणजे कोणत्या वहीतून. मग व्हेअर, कोणत्या ओळी. मग ग्रुप बाय, ढीग कसे लावायचे. मग हॅविंग, त्यातले कोणते ढीग ठेवायचे. मग सिलेक्ट आणि सगळ्यात शेवटी ऑर्डर बाय. आता तुम्ही तुमच्या माणसाला कसं सांगाल? "पावत्यांच्या वहीतून, नोव्हेंबरातल्या ओळी घे, शेतकऱ्यागणिक लाव, ज्याची बेरीज पन्नास क्विंटलच्या वर जाते तेवढेच ठेव, त्यांची बेरीज लिही आणि मोठ्यावरून खाली लाव." यंत्राचा क्रम हाच आहे! मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण बोलतोच त्या क्रमानं. तिला सांगा, प्रश्न आधी मराठीत एका ओळीत लिही, त्याच्या खाली तुकडे पाड, मग सिलेक्टचा तुकडा उचलून वर ने. व्हेअरमध्ये सम, म्हणजे बेरीज, लिहिलं की चूक का दाखवतं, हे मग पाठ करावं लागणार नाही. व्हेअरच्या वेळी ढीग लागलेलेच नसतात, बेरीज कशाची करणार?

जॉइन म्हणजे दोन तक्ते जोडणं. त्यात एकच खाच तिनं मनात पक्की करावी. समजा शेतकऱ्यांच्या तक्त्यात ८० नावं आहेत आणि त्यातल्या ६२ जणांनी माल आणला. साधा जॉइन ६२ जणच दाखवेल, उरलेले १८ मुकाट्यानं गळतील. "अजून कोणकोणी माल आणलेला नाही" हे विचारायचं असेल तर लेफ्ट जॉइन लागतो, आणि त्या १८ जणांच्या वजनापुढे नल येतो. नल म्हणजे शून्य नाही. शून्य वजन म्हणजे गाडी काट्यावर चढली आणि त्यात काही निघालं नाही. नल म्हणजे गाडी आलीच नाही.

लॅपटॉप नाही म्हणून अडू नका. तुमच्या अँड्रॉइड फोनमधले नंबर आणि मेसेज एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्येच राहतात, आणि तो चालवून सराव करायची फुकट ॲप मिळतात. तुमच्या वहीतल्या दोन पानांच्या ४४ ओळी तिनं त्यात भराव्यात, पण त्याआधी चार दिवस फोन बाजूला ठेवून फक्त कागदावर तक्ते काढावेत. पुसून पुन्हा काढावेत. इंग्रजीतून ऐकायची तयारी असेल तर आयआयटीच्या प्राध्यापकांचे डीबीएमएसचे तास एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. कॉलेजच्या मॅडम किंवा सरांना लॅबची जास्तीची एक वेळ मागावी. मुलींनी विचारलं तर बहुतेक जण देतात, पण विचारायलाच मुली संकोचतात.

पोटापाण्याचं विचारलंत. नुसत्या एसक्यूएलवर मोठा पगार मिळतो असं मी म्हणणार नाही. पण बँक असो, दवाखाना असो, विमा असो की सॉफ्टवेअरची चाचणी, सुरुवातीच्या कामाच्या मुलाखतीत या विषयावर बऱ्याचदा प्रश्न येतात. पुढे एमसीए करायचं तर त्यातही तो आहे, गेट या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात आहे, आणि एमसीएनंतर बँकांच्या आयटी ऑफिसरच्या परीक्षेतही आहे. आता एआय क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमधला प्रश्न, लिहून देतो, हे खरं आहे. पण दामोदर आणि दामू एकच, हे त्याला कोण सांगणार? उत्तर चुकलं हे ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून तिला बीकॉमला टाकू नका. एक विषय राहिला म्हणून दिशा बदलायची वेळ आलेली नाही. बाकीचे सगळे निघाले आहेत.

एक काम मात्र तुमच्याकडे. तिनं शेतकऱ्यागणिक बेरीज काढली की ती तुमच्या हातच्या बेरजेशी ताडून बघा. जुळली नाही तर तिला रागावू नका, दोघं मिळून कोणती ओळ दोनदा आली किंवा कोणती सुटली ते शोधा. तरीही सापडलं नाही तर दोन्ही पानांचे फोटो मला पाठवा. आणि राहिलेल्या विषयाचा परीक्षा फॉर्म भरायची शेवटची तारीख या आठवड्यातच कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेवायला सांगा.