तंत्रज्ञान परिषदांत स्वयंसेवक म्हणून राबून आणि व्यासपीठावर बोलून नेमके काय पदरात पडते?

प्रश्नकर्त्याने तपशिलात लिहिले आहे की तो संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे, पुण्या-बंगळुरूच्या परिषदांना जावेसे वाटते, पण ओळख कोणाशीच नाही, इंग्रजी बोलताना अडखळायला होते, आणि स्वयंसेवक म्हणजे फुकटचा हरकाम्या अशी घरच्यांची समजूत आहे. घरच्यांची समजूत अर्धी खरी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पैसे मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत, दोन वेळचे जेवण आणि एक टी-शर्ट एवढेच मिळते, आणि टी-शर्ट आपल्या मापाचा असेलच असे नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करतो आणि रजेचा मोठा हिस्सा याच कामात घालवतो. तरीही माझे मत असे आहे की तुमच्यासारख्या ओळखपाळख नसलेल्या माणसाने श्रोता म्हणून जाण्याआधी स्वयंसेवक म्हणून जावे, आणि व्यासपीठाचा विचार त्यानंतर करावा. श्रोता दिवसभर खुर्चीत बसून कोणाशीही न बोलता घरी परतू शकतो. स्वयंसेवकाला ती सोय नसते.

मी कोणत्या परिषदांविषयी बोलत आहे हे आधी स्पष्ट करतो. कंपन्या आपला माल दाखवण्यासाठी पंचतारांकित हॉटेलांत भरवतात ती प्रदर्शने माझ्या डोळ्यांसमोर नाहीत. तिथे पगारी माणसे आणि इव्हेंट कंपन्या असतात. मला अभिप्रेत आहेत त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, लोकांनी लोकांसाठी चालवलेल्या परिषदा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ‘पायकॉन इंडिया’ २००९ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाली, २०११ साली ती पुण्यात भरली आणि पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरत राहिली. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा फेडोरा हा एक अवतार; त्याचा ‘फडकॉन’ हा मेळावा २०११ साली पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाला आणि २०१५ साली पुन्हा पुण्यातच भरला. लिनक्सचाच दुसरा अवतार असलेल्या डेबियन प्रकल्पाची जागतिक परिषद ‘डेबकॉन’ सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला, म्हणजे भारतात प्रथमच, आली. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या विद्यापीठात दर हिवाळ्यात भरणाऱ्या ‘फॉसडेम’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला हजारो लोक येतात, तरी तिकीट नाही की नोंदणी नाही, आणि समारोपानंतर खोल्या आवरायलाही आयोजक उपस्थितांनाच हाक घालतात. या सर्व ठिकाणी काम करणारे हात कायम कमी पडतात. तुमच्यासाठी दार उघडे राहते ते त्यामुळेच, आणि तिथे तुमचे महाविद्यालय कोणते हे सहसा कोणी विचारत नाही.

जर्मनीतल्या ‘केऑस कम्युनिकेशन काँग्रेस’ या हॅकर मंडळींच्या परिषदेने तर या कामाला थाटच दिला आहे. तिथे स्वयंसेवकांना देवदूत म्हणतात, त्यांच्या नेमणुका जिथून होतात त्या कक्षाला स्वर्ग म्हणतात, आणि पाळ्या लावण्यासाठी त्यांनी स्वतःचे खास सॉफ्टवेअर लिहिले आहे. आपल्याकडे इतके कौतुक होत नाही. परंतु पायकॉन इंडियात केनेथ गोन्साल्विस यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. हे गृहस्थ भारतातील पायथॉन संस्थेचे अध्यक्ष होते आणि २०१२ साली निवर्तले. पुरस्कार मिळतो तो मुक्त सॉफ्टवेअरसाठी आणि समुदायासाठी खपणाऱ्या माणसाला. गाजलेले भाषण ही त्याची कसोटी नव्हे.

आता कामाकडे वळतो. नवख्याला बहुधा नोंदणीच्या टेबलावर बसवतात. पहिल्या सत्राआधीचा तासभर तिथे झुंबड असते: कोणाचे नाव यादीत आडनावाने आहे तर कोणाचे वडिलांच्या नावाने, कोणी मित्राच्या तिकिटावर आला आहे, कोणाला ओळखपत्राची गळ्यातली पट्टी बदलून ‘फोटो नको’ अशा खुणेची हवी आहे कारण त्याला आपला फोटो काढलेला चालत नाही. गणेशोत्सवाच्या मंडळात वर्गणीची पावतीपुस्तके सांभाळलेली मुले हे टेबल इतके सफाईने चालवतात की पाहत राहावे. तुम्ही मंडळात किंवा गॅदरिंगमध्ये असे काही केले असेल, तर स्वयंसेवकांच्या अर्जात ते नि:संकोच लिहा. आयोजकाला नेमके तेच हवे असते, आणि विद्यार्थी मात्र तिथे आपल्याला कोणकोणत्या प्रोग्रॅमिंग भाषा येतात याची यादी देतात.

माझ्या दृष्टीने सर्वांत शिकवणारे काम मात्र सभागृहातले असते. पहिल्या रांगेत बसून वेळेचे फलक दाखवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल: दहा मिनिटे उरली, पाच, एक, थांबा. दिवसभर हे काम केले की भाषणे कशी फसतात हे कोणी सांगावे लागत नाही. पहिली आठ मिनिटे स्वतःच्या आणि कंपनीच्या परिचयात गेलेली असतात. पाचचा फलक दिसताच वक्ता मान डोलावतो आणि त्याच संथ चालीने पुढे बोलत राहतो. एकचा फलक पाहून मात्र उरलेल्या सगळ्या स्लाइड भराभर पुढे ढकलतो, आणि लोक ज्यासाठी आलेले असतात ते नेमके त्या ढिगात निघून जाते. सभागृहाच्या वायफायवर विसंबून केलेले प्रात्यक्षिक, शेवटच्या रांगेला न दिसणारा बारीक कोड, प्रोजेक्टरच्या वायरीला न लागणारा लॅपटॉप आणि त्यासाठी ऐनवेळी ॲडॉप्टर शोधत धावणारा स्वयंसेवक, हे सारे एकाच दिवसात पाहायला मिळते.

डेबकॉनमध्ये तर ध्वनिचित्रणाचे सगळे कामही स्वयंसेवकच करतात. सुरुवातीला अनुभवी मंडळी शिकवतात, मग संकेतस्थळावरच्या तक्त्यात आपले नाव घालून पाळी घ्यायची: कोणी कॅमेऱ्यावर, कोणी आवाजाच्या टेबलावर, कोणी दिग्दर्शकाच्या जागी. वक्त्याची ओळख करून देणाऱ्या आणि प्रश्नोत्तरे सांभाळणाऱ्याला तिथे ‘टॉकमायस्टर’ म्हणतात. कोचीला मी काही सत्रांत दिग्दर्शकाच्या खुर्चीत होतो. पडद्यावर कोणत्या क्षणी वक्ता दाखवायचा, कोणत्या क्षणी स्लाइड आणि केव्हा दोन्ही शेजारी-शेजारी, हे व्होक्टोमिक्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर बटणे दाबून ठरवायचे असते. वक्ता पडद्याकडे बोट करून ‘हे इथे पाहा’ म्हणतो तेव्हा घरी बसून पाहणाऱ्याला ‘इथे’ म्हणजे कुठे ते कधीच कळत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात त्या खुर्चीत बसल्यावरच आली. तेव्हापासून मी स्वतः बोलताना ‘चौथी ओळ’ किंवा ‘डावीकडचा चौकोन’ असे म्हणतो. तसेच श्रोत्याने माइकविना विचारलेला प्रश्न ध्वनिमुद्रणात मुळीच ऐकू येत नाही, आणि म्हणून टॉकमायस्टर माइक येईपर्यंत त्याला थांबवून धरतो. समोर बसलेल्यांना तो आगाऊपणा वाटतो, पण ते त्याचे कर्तव्यच असते.

राहता राहिला बोलण्याचा मुद्दा. तुम्हाला वाटते की बोलण्यासाठी आधी तज्ज्ञ व्हावे लागते. पाच मिनिटांच्या झटपट भाषणांना, ज्यांना सर्वत्र ‘लाइटनिंग टॉक’ म्हणतात, तशी अट नसते; बऱ्याच परिषदांत त्यांची नावनोंदणी त्याच दिवशी फलकावर होते. अट एवढीच की तुम्ही स्वतः हात घालून पाहिलेली एक गोष्ट असावी. तुमच्याजवळ असे काही नाही हे मी मान्य करणार नाही, कारण तुम्ही मराठी लिहिता. पायथॉनमध्ये ‘क्ष’ची लांबी विचारा, उत्तर तीन येते, कारण युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांची चिन्हे संगणकात साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या, हिशेबी ते क, हलन्त आणि ष असे तीन घटक आहेत. ‘मराठी’ हा शब्द उलटा करायला सांगा. शेवटची वेलांटी सर्वांत पुढे येते, तिला आधाराला अक्षरच उरत नाही, आणि पडद्यावर ती ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून लोंबकळताना दिसते. हे असे का होते, माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो त्याच्या सीमा संगणकाने कशा ओळखाव्यात, आणि त्यासाठी कोणती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरावी, एवढ्यावर पाच मिनिटे सहज भरतात. ज्यांच्या लिपीत वेलांटी-उकार नाहीत अशा श्रोत्यांना ते नवे असते, आणि आपल्याकडच्यांना ते रोज डोळ्यांसमोर असूनही कधी उलगडून पाहिलेले नसते.

अर्ध्या तासाच्या पूर्ण सत्रासाठी रीतसर प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तो परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात. निवड समितीत मीही काम केले आहे. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख’ अशा नावाचे प्रस्ताव ढिगाने येतात आणि ढिगानेच परत जातात. सत्र कोणासाठी आहे, श्रोत्याला आधी काय येत असावे, कोणत्या मुद्द्याला किती मिनिटे देणार आणि बाहेर पडताना तो काय करू शकेल, हे साध्या वाक्यांत लिहिलेला प्रस्ताव अनोळखी माणसाचा असला तरी वाचणाऱ्याच्या मनात राहतो. नकार आला तर कारण विचारावे. सगळेच कळवतात असे नाही, परंतु कळवले तर पुढच्या प्रस्तावाला ते उपयोगी पडते.

इंग्रजीचे म्हणाल तर व्यासपीठावरची भाषा बहुधा इंग्रजीच असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे वक्तृत्वस्पर्धा नसते. छोटी वाक्ये, मोठा टाइप आणि चालणारा कोड एवढ्यावर भागते, आणि श्रोत्यांतही कानडी, तेलुगू, तमिळ वळणाचे इंग्रजी बोलणारेच बहुसंख्य असतात. व्यासपीठ सोडून बाहेरच्या चहाच्या टेबलाशी आलात की पुण्यात मराठी आणि इतरत्र हिंदी निर्धास्त चालते, आणि खऱ्या ओळखी होतात त्या याच जागी.

खर्चाविषयी कोणी स्पष्ट बोलत नाही, म्हणून मी बोलतो. समाजाधारित परिषदांत वक्त्याला मानधन मिळत नाही. विद्यार्थ्यांसाठी काही ठिकाणी प्रवासखर्चाची मदत असते. डेबकॉन तर त्यासाठी रीतसर अर्ज मागवते, पण मुदत फार आधी संपते. नोकरी लागल्यावर हा खर्च रजेच्या रूपाने होतो, आणि घरात कोणाचे लग्न त्याच शनिवार-रविवारी निघाले तर काय सोसावे लागते ते मी इथे लिहीत नाही. आयोजनाच्या मुख्य मंडळात शिरणे हे आणखी वेगळे प्रकरण आहे; सभागृहाचे भाडे, जेवणाची ताटे आणि प्रायोजकांच्या मिनतवाऱ्या यांत वर्ष निघून जाते आणि प्रत्यक्ष परिषदेत एकही भाषण धड ऐकायला मिळत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत तिकडे फिरकूही नये, असे मी सांगेन.

आणखी एका प्रकारापासून सावध राहा. ‘आंतरराष्ट्रीय परिषद’ असे भारदस्त नाव लावून वक्त्याकडूनच शुल्क घेणारी आणि त्या बदल्यात प्रमाणपत्र देणारी दुकाने पुष्कळ आहेत. माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थ्याने उसने पैसे भरले आणि रिकाम्या वर्गात चार जणांपुढे निबंध वाचून तो परत आला. भाषण निवडल्यानंतर पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

नोकरीसाठी उपयोग होतो का, हाही तुमचा प्रश्न आहे. होतो, पण फिरून. मुलाखतीत ‘मी स्वयंसेवक होतो’ या वाक्याला फारसे वजन नसते. परंतु ज्याच्यासोबत तुम्ही दोन दिवस केबली गुंडाळल्या, तो सहा महिन्यांनी आपल्या कंपनीत जागा निघाली की तुम्हाला कळवतो, कारण तुम्ही सांगितलेल्या वेळी येता आणि काम अर्धवट टाकून जात नाही हे त्याने पाहिलेले असते. तुमच्या भाषणाचे ध्वनिचित्रण इंटरनेटवर असेल तर त्याचा दुवा अर्जात घालावा; काही जण ते खरोखर पाहतात.

तेव्हा आता एवढे करा: जवळच्या शहरात पायथॉन, लिनक्स किंवा वर्डप्रेस (संकेतस्थळे बनवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) मंडळींची मासिक बैठक कुठे भरते ते शोधा, सलग दोन-तीन बैठकांना जा, खुर्च्या लावायला वेळेआधी पोहोचा, आणि त्यांतल्याच एका बैठकीत ‘क्ष’ची लांबी तीन का येते ते पाच मिनिटांत सांगून टाका. पायकॉन इंडिया साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास असते आणि स्वयंसेवकांची मागणी त्याच्या बरीच आधी जाहीर होते. त्या अर्जात मंडळाच्या पावतीपुस्तकांसोबत या बैठकांचाही उल्लेख करता येईल.