हृदयाच्या पेशी की हृदयस्नायूच्या पेशी?

परळच्या एका रुग्णालयासाठी रुग्णांना वाटायची माहितीपत्रिका मराठीत आणणाऱ्या एका वाचक ताईंनी प्रश्न पाठवला आहे. पत्रिकेचा विषय आहे, हृदयविकारात हृदयाच्या स्नायूत, त्यातल्या पेशींत आणि पेशींच्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे प्रत्येक पेशीभोवतीच्या पातळ थरात, होणारे बदल. त्या लिहितात : 'हाताशी असलेल्या हिंदी पत्रिकेत "हृदय की पेशियाँ कमज़ोर हो जाती हैं" असं होतं. मी "हृदयाच्या पेशी कमजोर होतात" असं केलं. डॉक्टरांनी त्यावर फुली मारली. चुकलं कुठे? आणि मेम्ब्रेनला पडदा म्हणू, आवरण म्हणू की आणखी काही?'

फुली योग्य जागी पडली आहे. हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की मुंबईत घरोघरी 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात' हे वाक्य ऐकू येतं, ते ऐकून कुणालाही दंडाचा स्नायू आठवत नाही. मराठीत हा अर्थ इतका पक्का आहे.

मूळ संस्कृत अर्थाला मात्र हिंदीच जवळची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या अंगात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गट आणि स्नायू म्हणजे सांधे नि अवयव बांधून धरणारे बंध. पुढे या शब्दांच्या वाटा फुटल्या. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह, मराठी-गुजरातीत मसल. आणि पेशी मराठीत मांसाच्या गटावरून थेट सूक्ष्मदर्शकाखालच्या घटकापर्यंत गेली. मराठी विश्वकोशात 'कोशिका' हा शब्दही भेटतो, पण शाळेपासून दवाखान्यापर्यंत चालतो तो पेशी हाच. पत्रिकेतही तोच ठेवा.

आता त्या वाक्याकडे येऊ, कारण त्यात शब्दाबरोबर आशयही चुकला आहे. हृदयात फक्त स्नायूच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी असतात, कोलॅजेनचे धागे तयार करणाऱ्या तंतुपेशी असतात. हृदयविकारात या तंतुपेशी कमजोर होत नाहीत, उलट जास्त कामाला लागतात. मेलेल्या स्नायूच्या जागी जो ताठर वण तयार होतो तो त्यांचाच. (इथे वण लिहा, व्रण नको. वैद्यकात व्रण म्हटलं की जठराच्या अल्सरसारखी उघडी जखम समजतात.) म्हणून 'हृदयाचा स्नायू कमकुवत होतो' हे एक वाक्य, आणि 'हृदयस्नायूच्या पेशी मरतात' हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, पण एकाचं काम दुसरं करत नाही.

मेम्ब्रेनसाठी 'पडदा' घेऊ नका. हृदयाच्या बाबतीत तो शब्द आधीच अडकलेला आहे. जन्मजात दोष असलेल्या बाळाची आई 'पडद्याला भोक आहे' म्हणते, तेव्हा तो हृदयाची डावी-उजवी बाजू वेगळी करणारा पडदा असतो. बरेच जण झडपेलाही पडदाच म्हणतात. 'आवरण' तर त्याहून घोटाळ्याचं. हृदयावरण म्हणजे हृदयाभोवतीची दुपदरी पिशवी. क्षयरोगात तिच्यात पाणी साठू शकतं, आणि 'हार्टच्या आवरणात पाणी झालंय' हे वाक्य वॉर्डात ऐकलेले लोक 'आवरणाला इजा होते' हे वाचून त्या पिशवीचाच विचार करणार. राहिलं 'पटल'. दृष्टिपटल, श्वासपटल हे शब्द रुळलेले आहेत, विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत प्रद्रव्यपटलही आहे. रुग्णासाठी त्याहून सोपं 'पेशीपटल' करा.

अर्थानेही मला पटलच हवं वाटतं. आवरण म्हटलं की नुसतं वेष्टन डोळ्यांसमोर येतं, आणि हे पटल सतत कामात असतं. त्यात बसवलेला एक पंप दर फेरीला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये दाखवला, त्याबद्दल १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हृदयाच्या कितीतरी रुग्णांना दिलं जाणारं डिगॉक्सिन याच पंपाला आवर घालतं. दुसरं म्हणजे, हृदयस्नायूच्या पेशीचं पटल नुसतं बाहेरून गुंडाळलेलं नसतं. ठिकठिकाणी ते अरुंद विहिरींसारखं पेशीत खोल उतरतं. ठोक्याचा विद्युतसंदेश पटलावरून धावतो, या आडव्या नलिकांमधून एकदम आतवर पोचतो, थोडं कॅल्शियम आत येतं, त्याने पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठा उघडतो आणि अख्खी पेशी एकाच वेळी आकसते. हृदय निकामी होत जातं तेव्हा या नलिका विस्कटतात, काही नाहीशा होतात. मग पेशीच्या काही भागांत कॅल्शियम उशिरा सुटतं आणि आकुंचन क्षीण नि विस्कळीत होतं. वेष्टन म्हटल्यावर हे कसं सांगणार? इंग्रजीतल्या टी-ट्यूब्यूलसाठी 'पटलाच्या आडव्या नलिका' एवढं पुरे, नवा संस्कृत शब्द घडवायची गरज नाही.

क्रियापदांकडे जास्त लक्ष द्या. तुमच्या मसुद्यात 'पेशीपटल खराब होते' असं सरसकट आलं तर क्रमच हरवेल. रक्तवाहिनी बंद झाली की प्राणवायू थांबतो, ऊर्जा संपत येते, पंप मंदावतो. मग सोडियम आणि त्याच्यामागून पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. इथवरची इजा रक्तप्रवाह परत सुरू झाला तर भरून निघू शकते. साधारण २० मिनिटं उलटल्यावर पेशी मरायला लागतात, पटल फाटतं आणि आतली प्रथिनं रक्तात झिरपतात. त्यातलंच एक ट्रोपोनिन. छातीत दुखतंय म्हणून रात्री कॅज्युअल्टीत नेल्यावर ज्याची तपासणी होते आणि काही तासांनी पुन्हा होते, ते हेच. फुगणं, फाटणं, झिरपणं ही तीन क्रियापदं वापरली की डॉक्टरांची घाई आणि दुसऱ्यांदा रक्त घेण्याचं कारण रुग्णाच्या घरच्यांना आपोआप कळतं.

'वाढ' हा शब्दही जपून. रक्तदाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की हृदयाची भिंत जाड होते. तिथे 'पेशींची वाढ होते' लिहिलंत तर लोकांना कॅन्सरची शंका येईल, कारण पेशींची वाढ आपण संख्येच्या अर्थाने वापरतो. इथे पेशींची संख्या वाढत नाही, असलेल्या पेशीच जाडावतात. हृदयस्नायूच्या पेशी नव्याने फारशा तयार होत नाहीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात असं दिसलं. तेव्हा 'पेशी जाड होतात' लिहा, आणि हृदयाच्या पोकळ्या रुंदावतात तिथे 'हृदय पसरतं'. आपल्याकडे दोन्हींना 'हार्ट मोठं झालंय' म्हणतात, पण पत्रिकेत फरक राहू द्या.

जाता जाता : पत्रिकेत 'पंपिंग'चा टक्का (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा) येणार असेल तर ५५ ते ७० हे निरोगी माणसाचं असतं ही ओळ न विसरता घाला. ६० आकडा पाहून '४० टक्के हार्ट गेलं' असं समजून रडणारे नातेवाईक असतात.

लेखनाचं थोडक्यात. हृदयस्नायू सुटा असताना दीर्घ, पण समासात मूळ ऱ्हस्व उकार परत येतो, म्हणून हृदयस्नायुपेशी. दृष्टिपटलातली 'ष्टि' त्याच नियमाने ऱ्हस्व. पेशी हा शब्द संस्कृतातच दीर्घ, त्यामुळे पेशीपटल, पेशिपटल नको.