आजोबांची १९७० ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) २० वर्षं शेडमध्ये होती. इंजिन-ब्रेकचं काम झालंय. विकण्याआधी रंग द्यावा का?

रंगाला हात लावू नका.

आमच्या वडिलांची एमजीबी परभणीजवळच्या शेतात, कडब्याच्या गंजीशेजारी १८ वर्षं उभी होती. मीही रंगाऱ्याकडून हिशोब काढून आणला होता. बरं झालं, पैसे जमले नाहीत. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकानं रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंगातला पांढरा शर्ट विसरून गडी सरळ गाडीखाली शिरला अन् दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याचे लांब पोकळ भाग, ठोकून बघायला लागला. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. सिल सडले की गाडी मधून खचते, दारं नीट लागत नाहीत. ताजा रंग दिसला की खाली पुट्टी किती, हाच पहिला संशय येतो. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत पत्रा लवकर सडतो. आपल्याकडे मराठवाड्यात पाण्याची बोंब असली तरी कोरड्या हवेत पत्रा वाचतो. जाहिरातीत हे आवर्जून लिहा, सिलचे फोटो टाका.

रबराचं उलट. उन्हानं ते कडक होऊन तडकतं. टायरची नक्षी नवी दिसली तरी बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष कळतं. पेट्रोलचे जुने पाइप मिस्त्रीनं बदलले का, विचारा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते सोसत नाही.

एक चूक मी केली. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं. गार इंजिन सुरू व्हायला त्रास देतं का, ते मग कळत नाही. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, हसला, म्हणाला, "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका." सकाळी चोक ओढून दुसऱ्या सेल्फला लागली, तेव्हा कुठं बोलणी पुढे सरकली. कामाची बिलं दाखवा, पण तो खर्च जसाच्या तसा किमतीत धरू नका. तेवढा कुणी देत नाही.

खरा वेळ कागदात जातो. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. मग विक्रीचे २९ आणि ३०. गाडीचं जुनं कागदी आरसी पुस्तक असेल तर आरटीओच्या संगणकात नोंद नसू शकते. 'बॅकलॉग एन्ट्री' करायची आहे असं सांगा. आमच्या दोन खेपा त्यातच गेल्या. इंजिन आणि चासी नंबर पुस्तकाशी आधीच ताडून बघा.

५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. पण मग ती रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणून तुम्ही घाईनं ती करू नका, घेणाऱ्याला ठरवू द्या. आमच्या माणसाला रविवारी सिंहगडाकडे फिरवायची होती, त्यानं साधीच ठेवली.