मी सहावी-सातवीला गणित शिकवते. कोडिंग अजिबात येत नाही, शाळेत एकच लॅपटॉप आहे. वर्गासाठी शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

मॅडम, महागड्या कोर्सला आत्ता पैसे भरू नका. तुम्हाला नोकरीसाठी नाही, वर्गासाठी शिकायचंय. आणि भागाकाराची रीत पायरीपायरीने समजावणाऱ्या शिक्षकाला अल्गोरिदम नवा नसतो. मीही गणितच शिकवतो, त्यामुळे माझ्या वर्गात चाललेलं सांगतो.

पहिले काही तास लॅपटॉप कपाटातच राहू द्या. ग्रंथालयातली पुस्तकं वर्गात आणा. मागे १३ अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असतो. त्यातल्या अंकांना डावीकडून क्रमाने १, ३, १, ३ असं गुणून बेरीज केली की ती १० ने पूर्ण भागली जाते. एका मुलाने क्रमांक वाचताना मुद्दाम एक अंक चुकवायचा. बाकीचे बेरीज करून पकडतात. मग विचारा, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर? बहुतेक वेळा चूक सापडते, पण २ आणि ७ सारखा ५ चा फरक असेल तर निसटते. ती का निसटते हे मुलं शोधू लागली की संगणकीय विचार सुरू झाला असं समजा. अशा संगणकाविना करायच्या कृतींसाठी एसीएम इंडिया या संगणकशास्त्रातल्या लोकांच्या संस्थेचा 'सीएसपाठशाला' उपक्रम जरूर पाहा. 'बेब्रास' या शाळकरी मुलांसाठीच्या संगणकीय विचारांच्या स्पर्धेचे प्रश्नही सोडवून बघा. त्यांना प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.

त्यानंतर स्क्रॅच. यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजराला हलवायचं असतं. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेलं हे साधन मोफत आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. कोन शिकवतानाच ते उघडा. मांजराकडून समभुज त्रिकोण काढून घ्या म्हटलं की जवळजवळ प्रत्येक मूल वळणाच्या ठोकळ्यात ६० भरतं, कारण पुस्तकात कोन ६० अंशांचा असतो. तीन बाजू काढून होतात, पण आकृती उघडीच राहते. षटकोनाचा अर्धा भाग दिसतो. इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. जमिनीवर खडूने त्रिकोण आखा आणि मुलाला त्यावरून चालवा. कोपऱ्यावर आपण किती वळलो हे त्याच्या अंगाला कळतं: १२० अंश, म्हणजे बाह्यकोन. पुढे चौकोन, पंचकोन करता करता ३६० भागिले बाजूंची संख्या हा नियम मुलंच मांडतात. ३६ बाजू केल्या की पडद्यावर वर्तुळासारखी आकृती उमटते, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या.

लॅपटॉप एकच आहे याची चिंता करू नका. गटांनी आज्ञा आधी वहीत लिहायच्या, आकृती कशी येईल तेही काढून ठेवायचं, आणि मगच एकेका गटाने त्या चालवून बघायच्या. चुकलं तर नेमकी कुठली ओळ चुकली ते गटानेच शोधायचं. तुम्ही स्वतः घरी एवढंच करा: पुढच्या आठवड्यात जो धडा घेणार आहात, त्यातलं एक उदाहरण स्क्रॅचमध्ये बनवा. अडलात तर इथे लिहा, मी बघेन.