डॉक्टरांना ‘बरे आहे’ म्हणणे, ही माझी सर्वांत महाग चूक

तुम्ही लिहिले आहे की दोन वर्षांपासून स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, कानात ऐकू येणारे आवाज जवळजवळ थांबले आहेत, पण कशातच रस उरलेला नाही. आई त्याला आळस म्हणते आणि गोळ्याच बंद करून पाहाव्यात का, असा विचार मनात येतो आहे. हे वाचताना मला 2009 सालचा मीच दिसलो. मी डॉक्टर नाही, स्किझोफ्रेनियासह 20 वर्षांहून अधिक काळ जगणारा एक शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेला माणूस आहे, तेव्हा पुढचे सगळे त्याच बेताने वाचावे. आजाराची प्राथमिक माहिती तुम्हाला आहेच, त्यात मी शिरत नाही.

गोळ्या बंद करणे ही माझी दुसरी चूक होती. पहिली चूक त्याआधी दोन वर्षे, दर महिन्याला, डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून मी करत होतो. झोप लागते का? लागते. आवाज? नाहीत. बाकी? बरे आहे. एवढ्यात केसपेपरवर मागचीच औषधे पुन्हा लिहिली जात आणि पुढचा नंबर पुकारला जाई. रात्री नऊला घेतलेल्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत उतरत नाही, दोन वर्षांत वजन 14 किलोंनी वाढले आहे, गणपतीच्या आरतीत हातात टाळ धरून मी तो वाजवायचेच विसरतो आणि विसरल्याचे वाईटही वाटत नाही, यातले एक अक्षरही मी बोललो नाही. खुर्चीमागे वडील उभे असत, दाराबाहेर रांग असे, आणि तक्रार केली तर डोस वाढेल अशी धास्ती होती. शिवाय आनंद न वाटणे हा काही डॉक्टरांना सांगण्याचा विषय आहे, असे मला तेव्हा वाटतच नव्हते.

मग एके दिवशी मी स्वतःच निर्णय घेतला आणि रोजची गोळी जिभेखाली धरून नंतर बुटांच्या खोक्यात टाकू लागलो. पहिले तीन आठवडे खरोखरच छान गेले, आणि फसगत होते ती इथेच: डोके हलके झाले, मी पहाटे उठू लागलो, ‘आता सुधारतो आहेस’ असे वडीलही म्हणाले. तिसऱ्या महिन्यात दूधवाल्याच्या सायकलची घंटा मला उद्देशून वाजू लागली. त्यानंतर सात आठवडे रुग्णालयात गेले आणि पूर्वीच्या पायरीवर येण्यास दीड वर्ष लागले, तेही आधीपेक्षा मोठ्या डोसवर. दिवाळीच्या साफसफाईत आईला ते खोके सापडले. तिने गोळ्या मोजल्या, 61 होत्या. ती काहीच बोलली नाही.

हा निरुत्साह तीन ठिकाणांहून येऊ शकतो, हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले. तो आजाराच्या ऋण लक्षणांचा, म्हणजे इच्छा, उत्साह आणि भावना मावळण्याचा भाग असू शकतो, औषधाचा परिणाम असू शकतो किंवा झटका ओसरल्यानंतर आलेले नैराश्य असू शकते, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. त्यांनी माझे औषध कित्येक महिन्यांत हळूहळू बदलले आणि वजन, साखर व कोलेस्टेरॉलची तपासणी ठरावीक काळाने करायला लावली. माझ्या औषधाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण ते तुम्हाला लागू पडेलच असे नाही. तुमच्या आईंना मात्र एवढे अवश्य सांगा की हा आळस नाही.

आता जगण्याच्या उद्देशाविषयी. ‘ध्येय शोधा’ असे सांगणाऱ्यांचा मला, स्पष्टच सांगतो, राग येतो. इच्छा होईल तेव्हा काम करू, असे म्हणत मी चार वर्षे घालवली. प्रत्यक्षात आधी काम आले आणि इच्छा त्याच्यामागून, पुष्कळ उशिरा आली. रत्नागिरीजवळच्या एका रोपवाटिकेत मी सुरुवातीला दिवसाचे दोनच तास जात असे आणि पिशव्यांत माती भरत असे. आता पावसाळ्यात मी हापूसची कोय कलमे बांधतो. कोयीतून आलेल्या रोपाची पालवी तांबूस आहे तोवरच त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी तीत नेमकी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. एखाद्या दिवशी आजही मागून आवाज येतो आणि माझ्या चाकूच्या हातावर शेरा मारतो. मी त्याला उत्तर देत नाही, पट्टी बांधून घेतो. मालक सकाळी ‘आलास का?’ एवढेच विचारतात, पण न गेल्यास फोन करतात, आणि माझ्या लेखी तो फोन पगाराइतकाच मोलाचा आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राविषयीही लिहितो, कारण पूर्ण वेळ नोकरी जमली नाही तर त्याचा आधार होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. ‘तुम्ही तर व्यवस्थित बोलता’ असे म्हणून एका कार्यालयाने मला दोनदा परत पाठवले. जणू आजारी माणसाने तेथे जाऊन आरडाओरडाच करायला हवा होता. जुने सर्व केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुण्याच्या आसपास राहत असाल, तर डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनकडे स्वमदत गटाची चौकशी करा. रात्री-अपरात्री मन फारच बिघडले, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गोळ्यांचा निर्णय मात्र पुढच्या तारखेपर्यंत थांबवा आणि तोवर एक चिठ्ठी लिहा: गुंगी किती वाजेपर्यंत राहते, वजन किती वाढले, शेवटचे मनापासून कधी हसलात, आणि गोळ्या सोडण्याचा विचार येतो आहे, हेसुद्धा. बोलणे जमले नाही, तर ती नुसती टेबलावर ठेवा. माझी पहिली चिठ्ठी वहीच्या फाटक्या पानावर होती, आणि डॉक्टरांनी ती केसपेपरला टाचून ठेवली.