ऑपेरातल्या जुन्या आरिया आजच्या माणसाला खरंच भिडतात, की नुसता भारीपणा?

तुम्ही विचारलंय की भाषा कळत नाही, गोष्टी शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या, मग आरिया ऐकून लोक डोळे पुसतात ते खरं की सोंग? थोडं सोंग असतंच. मी पुण्यात बँकेत नोकरी करतो, पाश्चात्त्य संगीत शिकलेलो नाही, आणि अख्खा ऑपेरा एका बैठकीत आजवर दोनदाच पाहिलाय. त्यातल्या एकदा डुलकी लागली. पण दोन-चार आरिया अशा आहेत की त्या आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांवर लिहिल्यात असं मला वाटतं.

आरिया म्हणजे ऑपेरातलं एकट्याने गायचं पद. घरात नाट्यसंगीत ऐकलं असेल तर प्रकार नवा नाही. गोष्ट जागच्या जागी थांबते, नट पुढे येतो आणि मनातलं सगळं बाहेर येईपर्यंत त्याला मध्येच कोणी तोडत नाही. आपल्या घरात तेवढं कोण कोणाला बोलू देतं?

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरापासून सुरुवात करतो. 1904 साली मिलानच्या ला स्काला थिएटरात पहिला प्रयोग सपशेल आपटला, मग फेरफार करून तो पुन्हा उभा केला. नागासाकीत आलेला अमेरिकन नौदल अधिकारी पिंकर्टन पंधरा वर्षांच्या जपानी मुलीशी लग्न करतो. घर आणि बायको दोन्हींचा करार 999 वर्षांचा, पण दर महिन्याला मोडायची मुभा. (आपला अकरा महिन्यांचा भाडेकरार यापेक्षा भरवशाचा.) तो जातो, तीन वर्षं पत्ता नाही. सोबतीण सुझुकी म्हणते, परदेशी नवरा परत आलाय असं कधी ऐकलं नाही. त्यावर बटरफ्लाय ‘उन बेल दी’ गाते, म्हणजे ‘एके दिवशी’.

आता ती काय गाते ते बघा. समुद्राच्या कडेला धुराची एक रेघ दिसेल. मग जहाज, पांढरं, बंदरात शिरेल. मी खाली जाणार नाही, टेकडीच्या कडेला उभी राहीन. गर्दीतून एक ठिपका निघेल, चढण चढू लागेल. तो लांबून हाक मारेल, पण मी ओ देणार नाही, लपून बसेन. थोडी गंमत म्हणून, आणि थोडं अशासाठी की भेटल्या क्षणी जीव जाऊ नये. सूर उंचावर सुरू होतो, पण अगदी हलका, लांबून आल्यासारखा, आणि खाली उतरत येतो. शेवटी ती सुझुकीला ठणकावते, तुझी भीती तुझ्यापाशी ठेव, मी वाट बघणार.

आमच्या मजल्यावर एक काकू आहेत. मुलगा न्यू जर्सीला, ‘पुढच्या दिवाळीला नक्की’ हे गेली काही वर्षं चालू आहे. त्यांचा बेत मला पाठ झालाय. विमानतळावर मी जाणार नाही, गुडघे दुखतात, त्यानेच वर यावं. आल्या आल्या चहा नाही, आधी अंघोळ. नातीला आतली खोली, तिकडे डास कमी. हे सगळं त्या लिफ्टची वाट बघताना सांगतात, आणि मी सुझुकीसारखा गप्प उभा. वाट बघणारा माणूस इतक्या बारकाईने का बोलतो, ते मला या आरियाने कळलं. तपशील जितका पक्का, तितकी शंका लांब राहते.

पुच्चिनीच्याच ‘तुरांदोत’ ऑपेरातली ‘नेस्सुन दोर्मा’ तुम्ही ऐकलीच असणार. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी पावारोत्तीच्या आवाजात ती जगभर पोचली आणि तेव्हापासून ती जिंकण्याचं गाणं झाली. मला ती फारशी आवडत नाही. फक्त एक गोष्ट ऐका. नायक ‘मी जिंकणार’ म्हणायच्या आधी मागून बायकांचा कोरस हळूच म्हणतो, त्याचं नाव कोणाला कळणार नाही आणि आम्हाला, हाय, मरावं लागणार. कारण रात्रीत त्या अनोळखी नायकाचं नाव शोधून काढलं नाही तर मरणाची शिक्षा, असा राजकन्येचा हुकूम आहे. सगळे नायकाच्या त्या लांब सुराची वाट बघत असतात, त्यामुळे कोरस कोणाच्या कानात शिरत नाही. आमच्या ऑफिसच्या वार्षिक समारंभात ही लावली होती, टार्गेट पूर्ण झालं म्हणून. मी कोरसच ऐकत होतो.

मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधली (1791) रात्रीची राणी लोक सर्कस बघावी तशी बघतात, बाई किती वर जाते म्हणून. खाली चाललंय काय? आई मुलीच्या हातात खंजीर देते. माझा शत्रू झारास्ट्रो, त्याला मार, नाहीतर तू माझी मुलगी कधीच नाहीस. त्या ‘कधीच नाही’वर आवाजाच्या ठिणग्या उडतात, शब्द मागेच राहतो. ‘माझं मेलेलं तोंड बघशील’ हे ज्यांनी जातीबाहेरचं लग्न ठरवताना ऐकलंय, त्यांना भाषांतराची गरज नाही. राणी निघून जाते, आणि मुलगी खंजीर हातात घेऊन विचारते, मी खून करू?

आता माझी आरिया. ग्लूकचा ‘ऑर्फेओ एद एउरिदिचे’, व्हिएन्ना, 1762. ऑर्फेओ मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणतो, अट एकच, मागे वळून बघायचं नाही. तो बघतो, ती पुन्हा मरते. मग तो ‘के फारो’ गातो. एउरिदिचेवाचून मी काय करू, कुठे जाऊ, एवढंच, आणि हे ध्रुवपद तीनदा येतं. गंमत म्हणजे चाल मेजरमध्ये आहे, आपल्या बिलावलच्या शुद्ध स्वरांसारखी. दुःखाचं नावच दिसत नाही. हान्सलिक नावाच्या समीक्षकाने 1854 मध्ये हे उदाहरण पुढे केलं होतं, की याच चालीवर ‘एउरिदिचे मला सापडली’ असे शब्द घातले तरी शोभतील. मलाही पहिल्यांदा ऐकताना चाल चुकल्यासारखीच वाटली होती.

नंतर वडील गेले. तेराव्याच्या जेवणाचं मी बघत होतो. केटररने विचारलं, पानं किती? मी म्हटलं, साठ धरा. जिलबी की गुलाबजाम? जिलबी, पण मठ्ठा ताजा हवा, मागच्या वेळी आंबला होता. मागची वेळ म्हणजे वडिलांचीच पंचाहत्तरी. माझा आवाज इतका व्यवस्थित होता की आत्या बाजूला म्हणाली, पोरगा खंबीर आहे हो. त्या रात्री गच्चीवर मी ‘के फारो’ लावली आणि या वेळी चाल चुकलेली वाटली नाही. तो माणूस माझ्यासारखाच नीट आवाजात विचारत होता, काय करू, कुठे जाऊ.

ऐकायची असेल तर आधी अर्थ वाचा, मग दोनदा ऐका, डोळे मिटून. व्हिडिओ नंतर बघा. ऑर्फेओच्या या पुरुषी भूमिकेत आजकाल बहुतेक वेळा बाई गाते, किंवा काउंटरटेनर, म्हणजे बायकांसारख्या उंच आवाजात गाणारा पुरुष. पहिल्यांदा बघताना त्यातच लक्ष जातं.